मुक्या जिवांची शाळेतली सोबत

राहुरीच्या बाहेर, उसाच्या शेतांना लागून आमच्या मोठ्या आपाचे घर आहे. ईदला, लग्नकार्याला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचे तिथे जाणे-येणे असते. आपाचा धाकटा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. तीन वर्षांचा झाला तरी हाक मारल्यावर तो वळून पाहत नसे. फिरत्या पंख्याकडे बराच वेळ बघत बसे. मिक्सर सुरू झाला की कान झाकून ओरडत असे. पायात चप्पल घातली की लगेच काढून फेकून देई. कुणी म्हणाले, नजर लागली. कुणी म्हणाले, मुलगे उशिराच बोलतात. ताईत बांधून झाले, पाणी दम करून आणून झाले. यात दोन वर्षे गेली. शेवटी नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की मुलगा स्वमग्न आहे. हा साथीचा आजार नाही आणि आईबापाच्या हातून घडलेली चूकही नाही. या मुलाच्या मेंदूची घडणच थोडी वेगळी आहे, त्याला वेगळ्या पद्धतीने शिकवावे लागेल, असे त्यांनी समजावले.

मग शाळेचा प्रश्न आला. एका शाळेने त्याला दोन महिन्यांत परत पाठवले. ‘एका जागी बसायला शिकला की घेऊन या,’ असे सांगण्यात आले. ते शिकवायचे कुठे, हे मात्र कुणी सांगितले नाही. आपा त्या दिवशी घरी येऊन खूप रडली. मोहल्ल्यातल्या बायका समोर काही बोलत नसत, पण समारंभाला बोलावताना ‘मुलाला कुठे ठेवणार?’ असे विचारत. हळूहळू आपाने बाहेर जाणेच बंद केले.

त्या वर्षी दुल्हेभाईंनी बाजारातून दोन करडे आणली. एक पाट होती आणि एक बोकड. पाटीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून तिचे नाव चांदणी पडले. आठ-दहा दिवस मुलगा लांबूनच बघत राहिला. मग एके दिवशी दुपारी तो गोठ्यात जाऊन चांदणीच्या पोटाला गाल लावून बसलेला दिसला. करडू रवंथ करत होते आणि हा शांत होता. आपाने आम्हाला फोन करून सांगितले, “अर्धा तास एका जागी बसला होता. असा तो कधीच बसला नव्हता.”

पुढे एक गोष्ट घडली. ऐकायला ती लहान वाटेल, पण ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना तिचे मोल कळेल. लसूणघासाच्या वाफ्याकडे जाणाऱ्या वाटेवर सराट्याचे काटे फार. अनवाणी जाता येईना आणि चांदणीला घास तर घालायचाच होता. मुलाने एक दिवस स्वतःहून दारातली चप्पल पायात घातली. वर्षभर समजावून, खाऊचे आमिष दाखवून जे जमले नव्हते ते त्या घासाच्या पेंडीने जमवले.

शनिवारची पाहुणी

दुसऱ्या शाळेत त्याला प्रवेश मिळाला. तिथल्या बाईंच्या लक्षात आले की वर्गात गलका वाढला की हा मुलगा उठून पळतो आणि प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी सापडतो. शाळेच्या कुंपणापलीकडे एका शेतकऱ्याच्या शेळ्या बांधलेल्या असत, तिथे. बाईंनी त्याला शिक्षा केली नाही. त्यांनी आपाला बोलावून विचारले, “तुमची चांदणी शनिवारी तासभर शाळेत आणता येईल का?”

मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आणि इतर पालकांना विचारून एका शनिवारी चांदणी शाळेच्या मैदानातल्या लिंबाखाली आली. वर्गातली मुले गोलाकार बसली. एरवी याच मुलाला चिडवणारी पोरे त्याला विचारू लागली, “ती काय खाते? चावते का? हात लावू का?” तो वाक्यात उत्तर देत नव्हता. पण शेळीच्या पाठीवरून हात कसा फिरवायचा ते त्याने करून दाखवले, कान ओढणाऱ्या मुलाचा हात बाजूला केला आणि ‘नाही’ म्हणाला. वर्गात सर्वांसमोर उच्चारलेला त्याचा हा पहिला शब्द असल्याचे बाईंनी नंतर सांगितले.

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. विशेष गरजा असलेले मूल जन्मापासून घेणाऱ्याच्या जागी असते. त्याला भरवले जाते, धुतले जाते, शिकवले जाते, सांभाळले जाते. त्याच्या वाट्याला सूचना येतात किंवा दया येते. आपल्यावाचून कुणाचे अडते, हा अनुभव त्याला कुठेच मिळत नाही. चांदणीसमोर पहिल्यांदा तो देणारा झाला, आणि वर्गासमोर पहिल्यांदा ‘माहीत असलेला’ झाला. प्राण्याच्या सोबतीचा सर्वांत मोठा फायदा आम्हाला हाच वाटतो. बाकीचे फायदे यातूनच येतात.

ही कल्पना नवी नाही

इंग्लंडमध्ये यॉर्क येथे १७९६ साली विल्यम ट्यूक यांनी मनोरुग्णांसाठी एक आश्रयस्थान उघडले. त्या काळी अशा रुग्णांना साखळदंडाने बांधण्याची रीत होती. ट्यूक यांच्या संस्थेत मात्र अंगणात ससे आणि कोंबड्या ठेवलेल्या असत. दुबळ्या जिवाची काळजी घेताना माणूस स्वतःला सावरतो, असा तिथला अनुभव होता.

मुलांच्या बाबतीत ही गोष्ट प्रथम ठळकपणे मांडली ती न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेविन्सन यांनी. त्यांच्याकडे जिंगल्स नावाचा कुत्रा होता. कुणाशीही न बोलणारा एक मुलगा एके दिवशी ठरल्या वेळेआधी आला आणि कुत्र्याशी खेळू लागला. डॉक्टरांशी त्याचे नाते जुळले ते त्या कुत्र्यामार्फत. लेविन्सन यांनी १९६२ साली यावर लेख लिहिला, तेव्हा त्यांच्या व्यवसायातल्या अनेकांनी त्यांची थट्टा केली. आज मात्र प्राण्यांच्या मदतीने उपचार करणारे तज्ज्ञ त्यांचेच नाव आधी घेतात. १९९९ साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटी येथे मुलांनी कुत्र्याला पुस्तक वाचून दाखवायचा उपक्रम सुरू झाला आणि पुढे तो अनेक देशांत गेला. अडखळत वाचणारे मूल माणसासमोर लाजते. कुत्रा मात्र चुका काढत नाही आणि हसतही नाही.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम वीसहून अधिक वर्षे चालू आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मीनल कविश्वर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली ‘अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन’ ही संस्था मुंबई आणि पुणे भागात प्रशिक्षित कुत्र्यांना घेऊन विशेष मुलांसाठी काम करते. त्यांचा कुत्रा वर्गात मोकळा सोडलेला नसतो. त्याच्यासोबत प्रशिक्षित माणूस असतो, आज कोणत्या मुलाकडून काय करून घ्यायचे हे आधी ठरलेले असते. हात आखडलेल्या मुलाने कुत्र्याच्या अंगावरून ब्रश फिरवला तर तो हाताचा व्यायाम होतो. न बोलणाऱ्या मुलाने ‘ये’ म्हटले आणि कुत्रा आला, तर शब्दाने काम होते हे त्याला कळते.

अभ्यास काय सांगतात?

आईबापांनी कुठल्याही उपचाराच्या मागे धावण्याआधी त्याची खात्री करून घ्यावी, असे आम्ही या पानांतून नेहमी म्हणतो. तोच नियम इथेही लागू आहे.

ऑस्ट्रेलियातल्या प्राथमिक शाळांत झालेला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पाहण्यासारखा आहे. मार्गरेट ओ’हेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९९ मुलांचे तिघा-तिघांचे गट केले. प्रत्येक गटात एक स्वमग्न मूल आणि त्याच वर्गातली दोन इतर मुले होती. त्यांना एकदा दहा मिनिटे खेळणी दिली आणि एकदा दहा मिनिटे दोन गिनीपिग दिले. गिनीपिग म्हणजे सशाहून लहान, मवाळ स्वभावाचा प्राणी. खेळण्यांच्या वेळेपेक्षा प्राण्यांसोबत असताना स्वमग्न मुले जास्त बोलली, सोबत्यांच्या चेहऱ्याकडे जास्त वेळा पाहू लागली, जास्त हसली आणि त्यांची रडारड कमी झाली. याच संशोधकांनी पुढे मुलांच्या मनगटाला यंत्र लावून त्वचेवरून ताण मोजला. समवयस्कांच्या सोबतीत स्वमग्न मुलांचा ताण वाढलेला असे आणि प्राणी जवळ आला की तो उतरत असे, हे २०१५ साली त्यांनी दाखवून दिले.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा ते सोळा वर्षांच्या १२७ स्वमग्न मुलांपैकी अर्ध्यांना दहा आठवडे घोड्यावर बसायला शिकवले. उरलेल्यांना तेच धडे घोड्याच्या आकाराच्या मोठ्या खेळण्यावर दिले. खऱ्या घोड्यासोबत शिकलेल्या मुलांचा चिडचिडेपणा आणि अतिचंचलपणा जास्त कमी झाला आणि ती अधिक शब्द वापरू लागली.

पण हेही सांगितले पाहिजे की असे बहुतेक अभ्यास लहान आहेत. प्राणी आला म्हणून मूल सुधारले की त्या निमित्ताने मोठ्यांनी त्याच्याकडे जास्त लक्ष दिले म्हणून सुधारले, हे वेगळे काढणे कठीण असते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता प्राण्यामुळे ‘बरी’ होते असे कुणी सांगत असेल आणि त्याचे पैसे मागत असेल, तर त्याच्यापासून दूर राहावे. वाचा-उपचार, व्यायाम, विशेष शिक्षण आणि डॉक्टरांची औषधे चालूच ठेवायची आहेत. प्राण्यामुळे मुलाचे मन उघडायला मदत होते, पण शिकवण्याचे काम शिक्षकालाच करावे लागते.

असे का घडते?

माणसाचे बोलणे या मुलांना फार गुंतागुंतीचे वाटते. आपण तोंडाने एक बोलतो, चेहऱ्यावर दुसरे असते, आवाजात तिसरे. शेळीचे तसे नाही. भूक लागली की ती ओरडते, घास मिळाला की खाते, भीती वाटली की मागे सरते. जे बाहेर दिसते तेच तिच्या आत असते. शिवाय तिचे रोजचे वेळापत्रक ठरलेले असते, आणि स्वमग्न मुलांना ठरलेल्या गोष्टींचा आधार वाटतो.

दुसरे कारण स्पर्शाचे आहे. टेम्पल ग्रँडिन हे नाव पशुपालनाच्या क्षेत्रात जगभर माहीत आहे. १९४७ साली जन्मलेल्या या अमेरिकन बाई स्वतः स्वमग्न आहेत आणि पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. तरुणपणी मावशीच्या पशुपालन केंद्रावर त्यांनी पाहिले की बिथरलेले जनावर लस टोचण्यासाठी खोड्यात घेतले आणि दोन्ही बाजूंनी हलका दाब बसला की शांत होते. आपल्याकडे गुरांच्या दवाखान्यासमोर असतो तसाच तो खोडा. माणसाची मिठी त्यांना सहन होत नसे. त्यांनी स्वतःसाठी तसेच दाब देणारे यंत्र बनवले आणि त्यांना स्वस्थता मिळू लागली. आपाचा मुलगा चांदणीच्या पोटाला अंग टेकून का बसत होता, ते हे वाचल्यावर आमच्या लक्षात आले. तो दाब त्याला हवा तेवढाच मिळत होता आणि नको असेल तेव्हा त्याला बाजूला होता येत होते.

दीनच्या शिकवणीत

प्राणी आणि मूल यांचे नाते आपल्याला परके नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातील एक प्रसंग हदीसच्या ग्रंथांत आला आहे. हजरत अनस (रजि.) यांच्या लहान भावाजवळ, अबू उमैरजवळ, एक छोटा पक्षी होता. प्रेषित (स.) त्या घरी जात तेव्हा त्या चिमुकल्याजवळ बसून त्याच्या पक्ष्याची चौकशी करीत. पक्षी मेला आणि मूल खिन्न झाले, तेव्हाही त्यांनी त्याची समजूत काढली. एका लहान मुलाचे दुःख आणि एका पाखराचे मरण, दोन्ही त्यांना क्षुल्लक वाटले नाही. मदीनेतल्या एका बागेत उपाशी आणि थकलेल्या उंटाला पाहून ते त्याच्याजवळ गेले, त्याच्या कानामागून हात फिरवून त्याला शांत केले आणि त्याच्या मालकाला जाब विचारला, हाही प्रसंग प्रसिद्ध आहे. मांजराला त्यांनी घरात वावरणारा जीव म्हटले आणि अपवित्र मानले नाही.

अपंगत्वाबद्दलही आपल्याला ताकीद मिळालेली आहे. अंध सहाबी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांच्याकडे क्षणभर दुर्लक्ष झाले, तर त्यावर सूरह अबस उतरली. हेच अंध सहाबी पुढे मदीनेत अजान देत. ज्या समाजाकडे ही शिकवण आहे, त्याच समाजात विशेष मूल पाहुणे आल्यावर आतल्या खोलीत बसवले जाते, ही गोष्ट आपण स्वतःला विचारण्यासारखी आहे.

कुत्र्याबद्दल अनेक बहिणी विचारतात. शाळेत कुत्रा आणला तर मुलाचे कपडे, वुजू, नमाज यांचे काय? शिकार, शेती आणि गुरांची राखण यांसाठी कुत्रा ठेवण्याची मुभा हदीसमध्ये आलेली आहे. त्याच्या लाळेच्या बाबतीत काळजी घ्यायची आहे आणि ती कशी घ्यायची याचे तपशील फिकहच्या वेगवेगळ्या मसलकांत वेगळे आहेत. आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. ब्रिटनमधल्या लेस्टर शहरात २००८ साली एका अंध मुस्लिम विद्यार्थ्याला त्याच्या मार्गदर्शक कुत्र्यासह मशिदीच्या आवारात येण्याची परवानगी तिथल्या शरिया कौन्सिलने दिली होती. कुत्र्यासाठी दाराजवळ वेगळी जागा ठेवण्यात आली. गरज खरी असेल तर आलिमांकडे मार्ग असतो, एवढे यातून दिसते. आणि ज्यांना कुत्रा नकोच, त्यांच्यासाठी शेळी, मांजर, ससा, कोंबडी, कबूतर हे सगळे जीव आहेतच.

बकरी ईद आणि आमची चूक

आता एक अशी गोष्ट सांगतो जी सांगताना आम्हाला संकोच वाटतो. चांदणीसोबत आणलेला बोकड कुर्बानीसाठी होता. मुलगा दोघांनाही घास घाली, दोघांच्याही गळ्यात हात टाकी. आम्हा मोठ्यांपैकी कुणीच पुढचा विचार केला नाही. ईदच्या दिवशी त्याला शेजारच्या घरी ठेवले. संध्याकाळी तो परत आला तेव्हा खुंट्याला दावे लोंबत होते आणि बोकड नव्हता. त्याने ते दावे उचलले आणि घरभर फिरला. बोकड कुठे गेला हे विचारायला त्याच्याकडे शब्द नव्हते आणि त्याला समजेल असे आमच्याकडे उत्तर नव्हते. चार दिवस तो ते दावे हातात घेऊन गोठ्यात बसून राहिला. जेवण सुटले, चप्पल पुन्हा सुटली. आम्हाला वाटले, सहा महिन्यांची कमाई आठवड्यात गेली.

मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांशी दुल्हेभाई बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की कुर्बानी ऐपतदार, समजदार, वयात आलेल्या माणसावर आहे. लहान मुलावर, त्यातही ज्याची समज अपुरी आहे अशा मुलावर, तिचा भार नाही. एका जनावरासमोर दुसऱ्याला जिबह करू नये, त्याच्यासमोर सुरीला धार लावू नये, इतकी नाजूक शिकवण आपल्याला आहे. मग मुलाच्या मनाची काळजी तर त्याहून अधिक घेतली पाहिजे.

पुढच्या वर्षापासून आपाच्या घरी नियम झाला. मुलाचे जनावर आणि कुर्बानीचे जनावर वेगळे. कुर्बानीचा बोकड दुल्हेभाईंच्या भावाकडेच ठेवला जातो आणि कुर्बानीही तिथेच होते. चांदणी दुधाची शेळी आहे, ती विकायची नाही की कापायची नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना आमची कळकळीची विनंती आहे की जनावर मुलाच्या हाती देण्याआधीच हे ठरवा. शाळेनेही ठरवावे. प्राणी आजारी पडला, म्हातारा झाला, मेला किंवा सुट्टीत दुसरीकडे न्यावा लागला, तर मुलांना काय सांगायचे आणि कोण सांगणार? चित्रे काढून, बोट धरून जागा दाखवून, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा साध्या शब्दांत सांगावी लागते. ‘गावाला गेला’ असे खोटे सांगू नये. ही मुले वाट पाहत राहतात.

शाळेत सुरुवात कशी करावी?

राहुरीसारख्या ठिकाणी परदेशी जातीचा महागडा कुत्रा आणायची गरज नाही. इथे शेळ्या, मेंढ्या, गाई घरोघरी आहेत. १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ इथेच आहे. फुले त्रिवेणी ही संकरित गाय तिथेच तयार झाली आणि संगमनेरी शेळी व दख्खनी मेंढीवर तिथे संशोधन झाले आहे. शाळांनी रीतसर परवानगी काढून विशेष मुलांच्या छोट्या गटाला असे गोठे दाखवायला न्यावे. त्याआधीची पायरी तर बिनखर्चाची आहे. शाळेच्या झाडाला पक्ष्यांसाठी पाण्याचे मातीचे भांडे टांगायचे आणि ते रोज भरण्याची जबाबदारी ज्याला वर्गात कुणी काम सांगत नाही अशा मुलाला द्यायची. २०२४ सालापासून राज्यातल्या प्राथमिक शाळांत ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आला आहे. त्या वेळेत हे सहज बसते.

काही काळज्या मात्र घेतल्याच पाहिजेत.

पहिली, मुलाची इच्छा. काही मुलांना प्राण्याचा वास, आवाज किंवा केसाळ स्पर्श सहन होत नाही. त्यांना ढकलू नये. लांबून पाहणे हेही पुरेसे आहे. दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

दुसरी, स्वच्छता. प्राण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुणे सक्तीचे असावे. दूध उकळूनच द्यावे. शेळी विताना, किंवा गाभडल्यावर, मुलांना आणि गरोदर बायकांना जवळ जाऊ देऊ नये. त्यातून आजार पसरू शकतात. शेळीला पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसी, तसेच जंताचे औषध वेळेवर दिलेले असावे. यासाठी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

तिसरी, रेबीज. संशयित पिसाळलेल्या प्राण्याने चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के मुले १५ वर्षांखालची असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. न बोलणारे मूल चावा सांगू शकत नाही, म्हणून त्याचे अंग रोज तपासावे. मोकाट कुत्र्या-मांजरांशी खेळू देऊ नये. चावा किंवा ओरखडा दिसला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. हळद, मिरची, चुना लावत बसू नये.

चौथी, बिबट्या. आपल्या भागात उसामुळे त्याचा वावर वाढला आहे आणि शेळी म्हणजे त्याला आमंत्रणच. शाळेच्या आवारात रात्री जनावर ठेवू नये. घरी ठेवायचे तर गोठा चहूबाजूंनी जाळीने बंद असावा आणि अंधार पडल्यावर मुलाला एकट्याने गोठ्यात जाऊ देऊ नये.

पाचवी, प्राण्याचा हक्क. तासाभरापेक्षा जास्त वेळ त्याला मुलांच्या गराड्यात ठेवू नये. त्याला पाणी, सावली आणि बाजूला होण्याची वाट असावी. ज्या मुलाला राग अनावर होतो त्याच्यासोबत एक मोठे माणूस कायम असावे. मुलाच्या भल्यासाठी मुक्या जिवाचा छळ झाला तर त्यातून मूल काय शिकेल?

आणि एक गोष्ट हक्काची. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. त्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, अध्ययन अक्षमता यांच्यासह २१ प्रकारचे अपंगत्व धरले आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याने दिला आहे. ‘एका जागी बसायला शिकला की आणा’ असे कुणी म्हणाले तर परत फिरू नका. तालुक्याच्या गट साधन केंद्रात जाऊन तिथल्या विशेष शिक्षकांना भेटा. आपा आधीच तिथे गेली असती तर एक वर्ष वाचले असते, असे ती आजही म्हणते.

चांदणी आता म्हातारी होत चालली आहे. तिच्या पाटीची पाट गोठ्यात आहे. मुलगा अजून वाचत नाही, पण शेळ्यांना घालायच्या पेंड्या दहापर्यंत मोजतो. अनोळखी माणसाशी बोलत नाही, पण वर्गातली तीन मुले संध्याकाळी घरी येतात. ती येतात ती करडांशी खेळायला, हे आपाला माहीत आहे. खेळून झाल्यावर चौघे मिळून ओट्यावर चहा-बटर खातात. मागच्या महिन्यात एका लग्नाला आपा मुलाला सोबत घेऊन आली. त्याच्या पायात चप्पल होती आणि खिशात चांदणीच्या गळ्यातला जुना घुंगरू होता. गर्दी वाढली की तो घुंगरू मुठीत धरी. दोन तास तो बसला.

अल्लाहने कुठलाही जीव व्यर्थ निर्माण केलेला नाही, असे आपण मानतो. मग या मुलांना आणि मुक्या जिवांना शाळेच्या आवारात एकत्र बसायला एक झाडाची सावली आपण देऊ शकणार नाही का? आपल्या गावातल्या एका शाळेत, एका शनिवारी, एका मुलापासून सुरुवात झाली तरी पुरे. इन्शाअल्लाह, पुढचा मार्ग दिसेल.